चार नंबरची धार

— आवो चप्पल असू द्या पाव्हणं, हे काय देऊळ हाय व्हय चप्पल काढायला? या, या आत. बायकांना बसू द्या तिकडं पोहे खात, तुमची पोरगी, तिची आई, आमची साखरबाई — बसू द्या. घर बघायला आलाय नव्हं तुम्ही? मग घर तिकडं न्हाई, घर हितं हाय, गोठ्यात. तिकडं काय, निस्त्या भिंती, टाइल्स, सोफा — सोफा काय कुणाच्याबी घरात असतोय. तुमच्या केडगावात तर दर घरात सोफा हाय आन् दारात शेरडू न्हाई. म्हणून तर साखरबाईला म्हणलं, पाव्हण्यांना धारंच्या टायमालाच बोलव. ती म्हणती, आवो धारंला परकं माणूस नगं, गाया बुजत्यात. बुजत्यात! म्हणलं गाया बुजत्यात का तू बुजतीस? पोराचं लगीन जमवायचं तर माल दाखवायला नको? — जरा पाय जपून, शेण न्हाई ते, पाणी हाय, आत्ताच धुतलाय गोठा तुमच्यासाठी.

तर हे धारंचं मशीन. न्हावऱ्यापासनं पार दौंडपर्यंत लई जणांकडं मशीन हाय, पण ते मशीन म्हंजी कसं — पोराच्या हातात गाडी दिली आन् त्यो ढकलतच निघाला, तसलं. मशीन कशाला घ्यायचं असतंय? येळंसाठी. तुम्हाला येळंची किंमत कळंल, तुम्ही एसटीत कंडक्टर व्हता — न्हाई, चुकलं, एसटीला कसली आलीय येळ. ऱ्हाऊ द्या. तर गाय उभी केली, कप लावला, दूध आलं पायजे. लगीच. थांबायचं न्हाई. जी गाय धारंला जड, दूध सोडायला जिला येळ लागतोय, ती माझ्या दावणीला न्हाई. सरळ काष्टीचा बाजार. साखरबाई रडली दोन-चार गायांना — रड म्हणलं. पेंड माझी खायची आन् दूध आपल्या मर्जीनं सोडायचं, असलं हितं चालत न्हाई. आमच्या शेजारी म्हाळूआप्पा हाय, त्याचा वाडगा बघितला का येताना, कुडाचा? त्यो अजून हातानं पिळतोय. आधी वासरू सोडतोय, वासरू ढुशा देतंय, मग वासराला वढून बाजूला घेतोय, मग बसतोय बादली गुडघ्यात धरून आन् काय — बाय माझी, बाय माझी! ऐंशीला आला म्हातारा, गायीच्या इनवण्या करतोय. निम्मं आयुष्य तर त्यानं इनवणीतच घातलं. आन् दूध किती? चहापुरतं.

डॉक्टर आलता एक. शिरूरचा, जनावरांचा, नवीन पोरगं, पँटीला इस्त्री. मला शिकवतोय. म्हणला आबा, कप लगीच लावू नका. आधी कास पुसा, कोमट पाण्यानं. मग हातानं दोन-चार चिळकांड्या काढा. मग जरा दम खा. म्हणला, सडाला हात लागला की गायीच्या डोक्यात निरोप जातोय, डोक्यातनं रक्तात, रक्तातनं कासंत, आन् मग पान्हा सुटतोय, मिनिटभर तरी जातंय त्यात. निरोप! म्हणलं गाय हाय का पोस्ट हाफिस? वर म्हणतोय कसा, आन् गाय भ्याली, कुणी वरडलं, हाणलं, तर निरोप वाटंतच आडतोय, मग दूध कासंत असून खाली येत न्हाई. मी त्याच्या तोंडाकडं बघतच बसलो. अरे म्हणलं, भ्यायलं न्हाई तर काम कोण करतंय दुनियंत? तू परीक्षेला भ्याला म्हणून डॉक्टर झाला. उठला, चहा न पिता गेला.

पण आमच्या ह्याला पटलं ना. विश्वजीतला. तुमच्या हुणाऱ्या जावयाला वो. त्यानं तवापासनं फडकं धरलंय. एकेक सड पुसत बसतोय, बारक्या पोराचं तोंड पुसावं तसं. मग गायीच्या पाठीवर हात ठिवून उभा ऱ्हातोय, निस्ता उभा, कप हातात तसाच. एक फाटकी जर्सी हाय त्याची, निळी, कालिजात कबड्डी खेळायचा तवाची, धारंला तीच घालतोय, धुऊसुदिक देत न्हाई — का, तर गाया वळखत्यात म्हणं. आता बोला. आज आईनं नवा शर्ट चढवला, वर सेंट मारलं, तर दारात उभा ऱ्हाऊन मला म्हणतोय — म्हणतोय म्हंजी काय, पुटपुटला — आबा, चार नंबरच्या गायीला कप मीच लावतो, तुम्ही नका. म्हणलं तू बस तिकडं पोरीपुढं बाव्हल्यावानी, आज मी लावतो. पाव्हण्यांना कळू दे दूध काढणं काय असतंय.

काय? रोज कोण लावतं? — त्योच लावतोय की वो. मी न्हाई. मला कशाला हात घालू देत्यात? मान हाय ना मला घरात. धारंचा टाइम झाला की साखरबाई म्हणती, आवो तुम्ही कशाला शेणामुतात, जावा चौकात, चहा घ्या, चार माणसांत बसा. विश्वजीत गाडीची चावीसुदिक हातात आणून देतोय. मी निवांत जातो, येतो तवर दूध कॅनात, गाया रवंथ करत बसल्यात, मशीन धुऊन पालथं. ह्याला धाक म्हणत्यात पाव्हणं. माणूस चौकात बसलेला असतोय आन् हिकडं काम चालू असतंय. एक दिस चुकलं न्हाई.

बरं, बघा आता. ही चार नंबर. ह्यानं नाव ठिवलंय तिला काहीतरी, गायीला नाव कशाला, कानात बिल्ला हाय. आडमुठी हाय तशी, पण दावणीत सगळ्यात जास्ती दूध हिचंच. कास बघा, कशी तटाटलीय. हं, सरक — सर्रक म्हणतो ना! — असं. मशीन चालू. आता ह्यो कप धरला की आपसूक वढतोय बघा, एक... दोन... तीन... चार. झालं. पुसापुशी न्हाई, आरती न्हाई. हां! आलं का? नळीत बघा, हितं, ह्या पारदर्शक नळीत. आलं! एका दमात! म्हणलं नव्हतं? डॉक्टर म्हणं मिनिटभर थांबा — कशाला थांबू? हे बघा, हे... हे आता... थांबलं का? न्हाई, हवा असंल. जरा मशीनचा काटा बघतो. काटा तर बराबर हाय. वरचं वरचं आलं, आता खालचं येईल. येईल. जाती कुठं. — तुम्ही जरा त्या बाजूला व्हता का? तुमच्या हातात ती छत्री हाय ना, काळी, त्याला बुजली असंल. न्हाईतर तुमचा वास. एसटीचा वास जात न्हाई म्हणत्यात अंगाचा, रिटायर झालं तरी. चेष्टा केली वो, हसा की.

न्हाई सोडत? बघू कशी सोडत न्हाई. ए! ए चार नंबर! — आवो मारलं न्हाई, थापटलं. असं थापटावंच लागतंय. धाक कमी झाला ह्या पोरामुळं. धाक नसला की घर बसलं म्हणून समजा. आमच्या घरात बघा, मी उंबऱ्यात पाय ठिवला की टीव्ही बंद. माय-लेक कायतरी बोलत असतील, हसत असतील, मी आलो की टाचणी पडली तरी ऐकू येईल. ह्याला वळण म्हणत्यात. थोरली सविता, ती दिलीय तिकडं कोरेगाव भीमाला, ती आईसंगं फोनवर तासन् तास, काय बोलत्यात कुणास ठाऊक, आन् मी फोन घेतला की — बरं हाय आबा, ठिवते आबा. शबुदाला शबूद न्हाई. सासरीसुदिक म्हणत्यात, पोरीला वळण लई. आन् विश्वजीतचं तर इचारूच नका, त्याला मी जेवलास का इचारलं तरी मान हलवतोय. वर तोंड करून बोलला न्हाई आजवर. अशी पोरं मिळत न्हाईत आता पाव्हणं — हुर्रर्र! अगं तुझ्या! लाथ मारली. लागली का तुम्हाला? कप पाडलं समदं. बघा, कसं जमिनीचं पाणी वढायला लागलं, खर्रर्र... थांबा, लावतो परत. तुझ्या आयला, उभी ऱ्हा!

काय म्हणला? कप काढू? राहू द्या म्हणता? — का? रिकाम्या सडाला वढलं की कास सुजती, दगडी व्हती? वा वा. कंडक्टरसाहेब, तिकिटं फाडता फाडता गाया कवा शिकला? कुणी सांगितलं तुम्हाला हे?

...विश्वजीत? कवा? त्यो तर आत्ता दारात निस्ता राम राम करून गेला तुम्हाला.

गेल्या रविवारी? त्यो रविवारी दौंडला गेलता. मशीनची रबरं आणायला, कपातली. मीच धाडला — म्हंजी त्यो निघाला, मी बरं म्हणलं. केडगावात? स्टेशनाबाहेर, चहाच्या हाटेलात? तुमच्यासंगं आन् पोरीसंगं? आन् दोन तास बसला? ...काय करत व्हता दोन तास? बोलत व्हता? छ्या. पाव्हणं, तुमची कायतरी गफलत व्हतीय, दुसरा कुणीतरी असंल. आमचा न्हाई. आमच्याला दोन तासांत दोन शबूद व्हायचं न्हाईत. उंच हाय, सावळा, भुवईला खोक — हां, खोक त्याचीच. पण बोलत व्हता?

आन् काय बोलला म्हणं? सांगा की. आता सांगाच. मी काय खाणार हाय का तुम्हाला?

...

लगीन झाल्यावर कारेगावात खोली. हां. तुमच्या पोरीची कंपनी रांजणगावला, म्हणून कारेगावात. भाड्याची खोली. दहा बाय दहाची, वरती बिहारी, खाली बिहारी, पाण्याला नंबर. हितं पाच खोल्या रिकाम्या, संडास-बाथरूम आत, आन् ह्याला खोली पायजे. बरं, मग गाया? गाया कोण, मी? — दोन्ही धारंला येणार. गाडीवर. सकाळ-संध्याकाळ, कारेगाव ते हितं. डोकं फिरलंय. आन्? अजून कायतरी हाय, तुम्ही घोटाळताय. तुम्ही आल्यापासनं घोटाळताय, मी म्हणलं पोटात गॅस झाला असंल. सांगा.

धारंच्या टायमाला मी गोठ्यात थांबायचं न्हाई.

मी. माझ्या गोठ्यात. पत्रा माझा, दावण माझी, बोअर मी पाडली, ह्या खांबाचं खड्डं मी खंदलं — आन् मी थांबायचं न्हाई. का, तर गाया दूध चोरत्यात, कासंतच धरून ठिवत्यात. ह्या हौसरावाला, मला बघून गाया दूध चोरत्यात! असं म्हणला त्यो? चहाच्या हाटेलात बसून, दोन परक्या माणसांपुढं? ...आईला ठावं हाय? सवितालाबी? म्हंजी चौकात जावा, चौकात जावा, चार माणसांत बसा — त्ये —

ऱ्हाऊ द्या. पाणी नको मला. बसतबी न्हाई. मला कुणी बसवायचं न्हाई. ऐका पाव्हणं, मोडलं. हे लगीन मोडलं म्हणून समजा. पोरगी घ्या, पोहं खाल्लं असतील तर बरं, नसतील तर बांधून देतो. पोराचा बाप जिता असताना त्याच्याच गोठ्यात त्याला अटी घालायला एक कंडक्टर येतोय! आन् त्यो, त्याला तोंड नव्हतं का? स्वतः यायचं, छातीला छाती लावायची, म्हणायचं आबा, असं असं हाय. मी काय — काय केलं असतं मी? वरडलो असतो. मग? वरडण्यानं माणूस मरतंय व्हय? भित्रं. निस्तं भित्रं. कबड्डी खेळायचा म्हणं. आन् तुमची पोरगी, चांगली शिकली-सवरली, कंपनीत माणसांवर हुकूम करती, तिला काय दिसलं ह्याच्यात? आवो खरंच इचारतो, काय बघितलं तिनं?

ऐकून घेतोय म्हणं. दुसऱ्याचं ऐकून घेतोय! माझंबी ऐकूनच घेतोय की इतकी वर्सं. त्यात काय मोठं.

— कोण? कोण हाय दारात? ये की. ये, आत ये, लाजतोस कशाला, आता काय लाजायचं ठिवलंय? बघा, बदलला शर्ट. घातली ती फाटकी जर्सी. आन् माघारी कोण — तुमची पोरगी व्हय. ये बाई, तूबी ये, बघ गोठा, तुला काय, तुला तर बघायला परवानगी असंल. हं, बोल की रे. पाव्हणं म्हणत्यात बोलतोस तू. दोन-दोन तास बोलतोस. बोल. ...बघा. बघा, खाली मान. दिसलं का पाव्हणं? ह्योच का त्यो हाटेलातला? बोल म्हणतो ना!

काय? गाय वरडतीय? वरडू दे. कास तटाटलीय मला दिसत न्हाई व्हय. माझी गाय हाय, सुजली तर माझी सुजंल. ...हात नका लावू मला, येतो. येतो बाहेर. तुम्ही म्हणता म्हणून, पाव्हणं हाय म्हणून. चला. भाईरच उभं ऱ्हाऊ, भिंतीमागं. बघू काय दिवं लावतोय. मला लाथ मारली, ह्याला काय ववाळणार हाय? त्यातनं आज कप पडलं, गाय भ्यालीय — बुजलीय म्हंजी. तुमच्या छत्रीला. आता सकाळपातूर सोडायची न्हाई. लिहून घ्या. मग मी आत जातो आन् त्याला त्याच्या पाव्हण्यांपुढंच इचारतो, का रं, आता तर मी नव्हतो, आता कुणाला बघून चोरलं? हितं उभं ऱ्हावा, हितं वारं येतंय. तंबाखू खाता? न्हाई. तुम्ही काहीच करत न्हाई. सरकारी माणूस.

मशीन तर चालू हाय. निस्तंच चालू हाय, कप लावलाच न्हाई अजून, आवाजावरनं कळतंय मला. पुसत बसला असंल. आता उभा ऱ्हाईल, पाठीवर हात ठिवून. अंधार पडायला लागला तरी ह्याचं उभं ऱ्हाणं व्हायचं न्हाई. असल्या माणसाच्या हातात मी गोठा द्यायचा, आन् आपुन काय, चौकात. ...हां, लावला कप. आता ऐका. वरचं मी काढलंच हाय, आता निस्ती हवा वढंल, खर्रर्र करंल बघा.

...

करंल.

...

आवाज भरला. ऐकलं का तुम्ही? भरून निघालाय, मोकळा न्हाई. कॅनात पडतंय, दाणदाण पडतंय. सोडलं तिनं. — आन् तुमची पोरगी आतच हाय? गायीपाशी? आवो ती तर परकी. आज पहिल्यांदा पाय ठिवला तिनं गोठ्यात, नवी साडी, बांगड्या. तिला न्हाई बुजली?

...न्हाई बुजली.

— आन् हे कोण बोलतंय? आत कोण हाय अजून? गडी तर आम्ही ठिवलाच न्हाई कामाला. गड्याचा आवाज हाय ना? ऐका... पोरीला सांगतोय कायतरी, म्हणतोय ही लहान असताना — कोण, गाय? ही लहान असताना ह्यानं बाटलीनं पाजली म्हणं, घरात आणून. मला न सांगता. हसतोय. ह्यो विश्वजीत हाय? पाव्हणं, ह्यो असा आवाज हाय त्याचा?

सकाळीबी येईल म्हणला नव्हं त्यो, कारेगावाहून? पावसापाण्याचंबी? ...हूं. — आता काय? काय सांगू पोरांना म्हणता? काही सांगायचं न्हाई. काही इचारायचं न्हाई. आन् हळू बोला जरा, छत्री टेकवा ती भिंतीला, वाजतीय. गप ऱ्हावा. आपला आवाज आत गेला तर थांबंल त्यो.